सोन्याच्या घळीत दोन विहिणी

ये, जवळ सरक जरा. वाचतानासुद्धा तू लांब बसल्यासारखी वाचतेस, मला ठाऊक आहे. एक डोळा इकडे आणि एक त्या लॅपटॉपवर. बॉबलिंगेनहून वोल्फ्सबुर्गला यायला तुला सवड नाही, मावशीला फोन करायला सवड नाही, आणि तळ्याकाठचे फोटो मात्र दर रविवारी. शहाणीच आहेस! बरं, रागावत नाही. पण आता ऐक, कारण तुझ्या बहिणीने, म्हणजे माझ्या लेकीने, तुला ही गोष्ट सांगितली असेल तर ती अर्धवट आहे. ती खाली कॅफेत केक खात बसली होती. वर डोंगरात काय झालं ते आम्हा दोघींनाच माहीत.

दोघी म्हणजे मी आणि विहीणबाई. जावयांच्या आई.

लेकीला आठवा लागला आणि मी जर्मनीत येऊन थडकले. पहिलं बाळंतपण माहेरचं. लेकीला माहेरी येता येत नाही, तर माहेराने उठून विमानात बसायचं, त्यात काय! पण तिकडे पुण्यात विहीणबाईंनीही ठरवलं, की सुनेचं परदेशात कोण आहे, आपणच जायला हवं. आणि दोघींनीही सरप्राइज म्हणून कुणाला काही सांगितलं नाही. मी पोचल्यावर आठवड्याभरात बेल वाजली, दार उघडलं तर समोर विहीणबाई, दोन बॅगा आणि काखेत अळिवाची पिशवी. आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "अगंबाई, किती छान!" तोंडावरून तरी तसंच दिसत होतं.

घर अडीच खोल्यांचं, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जावई तसे गुणी, पण बोलताना पुढचं बघत नाहीत. एका संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाले, "बाळ आल्यावर इतकी माणसं इथे मावायची नाहीत. एकीने राहावं, एकीने थोडे दिवस दुसरीकडे." दुसरीकडे म्हणजे विहीणबाईंनी र्युसेल्सहाइमला पुतण्याकडे, नाहीतर मी तुझ्याकडे. इथवर ठीक होतं. पण पुढे म्हणाले, "चार मजले रोज चढायचे, बाळाची गाडी, दूध, भाजी. जिला झेपेल तिने राहावं."

मी बशी खाली ठेवली. विहीणबाईंनीही ठेवली.

मला राहायचं होतं गं. दुसरं काही नको होतं. बाळाचं पहिलं न्हाणं माझ्या हातचं व्हावं, पायावर उताणं घेऊन, अंगाला तेल लावून. तुलाही मीच घातलंय न्हाऊ, विचार आईला. आणि पंचाईत ही, की विहीणबाईंनाही नेमकं तेच हवं होतं.

त्या दिवसापासून आमची जिन्यावर ये-जा सुरू झाली. मी "कोथिंबीर राहिली बाई" म्हणून खाली जायची. वर येऊन धाप लपवायला बाथरूममध्ये शिरायची. विहीणबाई माझ्या वरताण. इथे कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा असतो ना, तर त्या प्रत्येक डब्यासाठी वेगळी फेरी मारायच्या. कागदाची एक, प्लॅस्टिकची एक, सालींची एक. एकदा तर मी त्यांना केळ्याचं एकच साल घेऊन जाताना पाहिलं. चिमटीत धरून, हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या.

लेकीला हे बघवेना. डॉक्टरांना विचारून तिने सुट्टी काढली आणि जावयांनी थुरिंगियाच्या डोंगरात दोन रात्रींसाठी घर घेतलं. तिथे एक अरुंद घळ आहे. जुन्या काळी तिथे खाणी खोदून सोनं काढायचे. आता हौशी लोक ओढ्यात उभे राहून ताटात वाळू चाळत बसतात, तेवढंच. घळीच्या टोकाला धबधबा. जावई म्हणाले, "वाट थोडी चढाची आहे. जमेल ना दोघींना?"

"न जमायला काय झालं?" हे आम्ही एका सुरात म्हणालो. लेकीने कपाळाला हात लावला आणि कॅफेत जाऊन बसली.

सुरुवातीलाच पिशवीवरून जुंपली. पिशवीत पाण्याच्या बाटल्या, दशम्या आणि लाडवांचा मोठा डबा. अर्धे माझे डिंकाचे, अर्धे त्यांचे अळिवाचे. लाडू बाळंतिणीसाठी केलेले, पण चढायला ताकद हवी म्हणून दोघींनी गुपचूप त्यातलेच भरून घेतले होते. जावई पिशवी घ्यायला आले, तर मी म्हटलं, "छे, जावयाने ओझं उचलायचं? शोभतं का!" विहीणबाई म्हणाल्या, "मग मी घेते, मुलीच्या आईने का उचलावं?" मी म्हटलं, "मुलाच्या आईने तर मुळीच नाही." अशी ती पिशवी इकडून तिकडे चालली होती, आणि जावई बिचारे दोन्ही हात मोकळे सोडून पुढे.

वाटेत कड्याला कमरेएवढी भोकं, लोखंडी जाळ्या लावलेली. त्याच जुन्या खाणी. विहीणबाईंनी एकीत वाकून पाहिलं. "सोन्यासाठी इतकं आत शिरायचं? आमच्या गल्लीतल्या सराफाकडे तीन पायऱ्या चढल्या की झालं."

"आणि चढल्यावर खुर्ची देतो तो," मी म्हटलं. खुर्चीच्या नावाने दोघींनी एक उसासा सोडला.

मग बाक आला. लाकडी, पाठ टेकायची सोय असलेला, सावलीतला. देवाने पाठवल्यासारखा.

"बसा ना विहीणबाई," मी म्हटलं.

"मी कशाला? तुम्ही बसा, दमला असाल."

"मी? दमले? अहो, तुमच्यासाठी म्हणत होते."

"माझ्यासाठी नको हो थांबायला. तुम्हांला बसायचं असेल तर बसा, मी उभी राहते सोबतीला."

"तुम्ही उभ्या आणि मी बसू? मुलाकडच्या तुम्ही!"

एवढ्यात मागून एक जर्मन आजोबा आले, कुत्र्याला घेऊन. आमच्याकडे बघितलं, बाकाकडे बघितलं, "बिटे?" म्हणजे बसू का, असं विचारलं. आम्ही दोघी हसून "जा, जा" म्हणालो. ते बसले. कुत्राही वर चढून शेजारी बसला. आम्ही पुढे निघालो. त्या कुत्र्याचा मला जितका हेवा वाटला तितका आयुष्यात कुणाचा वाटला नाही.

पुढे वाट ओढ्याला लागून जाते. तिथे विहीणबाई म्हणाल्या, "आता माझी पाळी," आणि पिशवीचा एक बंद ओढला. मी दुसरा सोडेना. "असू दे हो." "द्या हो." "राहू दे म्हणते ना." पिशवी तिरकी झाली आणि लाडवांचा डबा धुप्पकन ओढ्यात! झाकण घट्ट, बुडतोय कशाला. नावेसारखा डुलत डुलत निघाला खाली.

"आई!" जावई ओरडले. कोणाला ते कळलं नाही, दोघींनीही मान खाली घातली. ते पळाले डब्यामागे. खाली वळणावर एक दाढीवाला माणूस मांडीपर्यंत रबरी बूट घालून वाळू चाळत होता. त्याने आपल्या ताटाने डबा अडवला, झाकण उघडलं आणि आत बघतच राहिला. तुपाने चकाकणारे लाडू, वर ऊन. जावई पोचेपर्यंत त्याने एक तोंडात टाकलासुद्धा. मग हात वर करून काहीतरी ओरडला. जावयांनी नंतर सांगितलं, तो म्हणत होता की इतकी वर्षं या ओढ्यात उभा आहे, पण एवढा मोठा ऐवज पहिल्यांदाच हाती लागला. आणि मग तो जावयांना धरून आपल्या छंदाची माहिती द्यायला लागला. तुला ठाऊक आहे ना, जर्मन माणूस छंदावर बोलायला लागला की कुठला थांबतोय!

"आपण पुढे होऊ या," विहीणबाई म्हणाल्या. आता बघायला कोणी नव्हतं, तरी दोघी ताठ चालत राहिलो. माझ्या उजव्या गुडघ्यात कोणी सुपारी कातरत होतं. पण त्या चालतायत तर मी कशी थांबू?

आणि मग धबधबा आला.

काय सांगू तुला! माझ्या उंचीचा. फार तर थोडा जास्त. आपल्या शेतात पाट फुटला की याहून जास्त पाणी येतं. समोर पाटी, कठडा, फोटोची जागा, सगळं जागच्या जागी, आणि मधे तो नळ सोडल्यासारखा.

विहीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मटकन दगडावर बसल्या. मीही बसले. मग हसू जे फुटलं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी, पोटात कळ. हसून झाल्यावर मी उठायला गेले, तर उठता येईना. त्या उठायला गेल्या, त्यांनाही येईना.

"विहीणबाई, एक सांगू?" त्या म्हणाल्या. "माझा डावा गुडघा कामातून गेलाय."

"माझा उजवा."

"म्हणजे दोघींत मिळून दोन धड आहेत."

पुन्हा हसलो. मग त्या पाण्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "तुम्हीच राहा. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. मी जाते पुतण्याकडे. दिवसभर तो आणि त्याची बायको ऑफिसात, मी आपली खिडकीपाशी."

हेच तर ऐकायचं होतं ना मला? पण ऐकलं आणि मी त्यांचा हात धरला. मी म्हटलं, "बाळाला न्हाऊ घालायचं तर पाय पसरून खाली बसायला हवं. बसेन मी. पण उठवणार कोण मला?"

त्यांनी जरा विचार केला. "मी उठवीन."

"आणि तुम्ही बसलात तर मी. एकीने घालायचं, दुसरीने उठवायचं. एकटीचं कामच नाही हे."

"आणि चार मजले?"

"ते ज्यांनी काढले त्यांनी चढावे!"

उतरताना मात्र पंचाईत झाली. ओल्या पानांवरून पाय सटकत होते. शेवटी विहीणबाईंनी आपला रेनकोट पसरला आणि आम्ही दोघी त्यावर बसून, एकमेकींना धरून, इंचाइंचाने घसरत निघालो. मागून शाळेची सहल आली. पोरं शिस्तीत रांगेने थांबली. मग एक मुलगी खाली बसली आणि घसरायला लागली. मग दुसरी. मग सगळा वर्ग. बाई ओरडतायत, ऐकतंय कोण! आम्ही पुढे, मागे ती सगळी वरात.

कॅफेत शिरलो तेव्हा दोघींच्या पाठी चिखलाने माखलेल्या. जावई आधीच येऊन बसले होते. मी लेकीला सांगून टाकलं, "आम्ही दोघी राहणार. न्हाणं-धुणं, स्वयंपाक आमचा. जिना जावईबापूंचा."

"पण आई, झोपायचं कुठे..." जावई म्हणाले.

"कोणती आई?" आम्ही दोघींनी विचारलं.

त्यांनी कॉफीचा कप तोंडाला लावला. लेक केकचा घास गिळून म्हणाली, "गेनाऊ. अगदी बरोबर."

आता अर्ध्या खोलीत एकाच गादीवर झोपतो आम्ही. त्या घोरतात. मीही घोरते म्हणे, पण त्याला पुरावा नाही. नातीला पहिलं न्हाऊ मी घातलं, दुसऱ्या दिवशी त्यांनी. बाळाला बघायला येणारी सुईण एकदा त्याच वेळी आली. तिला वाटलं होतं बाळाबद्दल काही सांगावं लागेल, पण ती बघत राहिली आम्हांलाच. मी खाली बसलेली, विहीणबाई माझे दोन्ही हात धरून ओढतायत, "हं, एक, दोन, उठा!" आणि नात दुपट्यात गुंडाळलेली, ढिम्म झोपलेली.

तर असं आहे. माझा व्हिसा संपत आला, आणि ही पोरगी दिवसागणिक बदलते आहे. मुठी उघडायला लागली आहे. तुझी भाची आहे ती, फोटोत बघून भागत नाही. या शनिवारी ये. नाहीच जमलं तर पुढच्या. जागा नाही म्हणू नकोस, आम्ही दोघी सरकू गादीवर.