आदेशार्थ प्रस्तुत

आयुष्यात एकही निर्णय स्वतःहून न घेतलेला माणूस निवृत्तीनंतर देव झाला, आणि तो आमच्याच घरात झाला. माझे धाकटे काका. सगळं नातेवाईक मंडळ त्यांना कारभारीकाका म्हणायचं. शिंदेशाहीत आमचे कोणी पूर्वज दरबारी कारकून म्हणून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. ती कारकुनी काकांच्या अंगात पुरेपूर उतरली होती. पोहे खाणार की उपमा, एवढं विचारलं तरी काका मान खाली घालून म्हणत, "आदेशार्थ प्रस्तुत."

हे शब्द त्यांच्या कचेरीतले. आमच्याकडे सरकारी फाइलवर बाबू सगळी हकीकत लिहितो, नियम लिहितो, आणि शेवटी 'आदेशार्थ प्रस्तुत' असं लिहून फाइल वर पाठवतो. पुढे हो की नाही ते साहेबानं ठरवायचं. काकांनी जन्मभर तेवढंच केलं आणि फार सुरेख केलं. मी चेष्टा केली की म्हणत, "बेबी, गादी दुसऱ्याची, आपण कारभारी. गादीवरच्या माणसाला झोप नसते गं." मी चाळिशी ओलांडली तरी त्यांची बेबीच होते. श्रावणातल्या सोमवारी महाकालाची सवारी नगरात निघाली आणि रस्ते बंद झाले की ते घरात जाहीर करत, "आज साहेब दौऱ्यावर आहेत. फाइल हलणार नाही."

घरातला साहेब म्हणजे काकू. भैरवगढच्या छाप्याची साडी घ्यायला गेल्या की दुकानदार दुसरी उलगडायच्या आत "हीच द्या" म्हणून मोकळ्या. घर कोणतं घ्यायचं, गॅस कधी लावायचा, मूल होत नाही तर आता डॉक्टरांच्या पायऱ्या चढणं बंद करायचं, हे सगळं काकूंनी ठरवलं. काका फक्त दोन्ही बाजू मांडत. मांडून झाल्या की काकूंकडे अशा विश्वासानं बघत की मला हसूही यायचं आणि कधीकधी हेवाही वाटायचा.

निवृत्तीनंतर समोर फाइल नाही म्हटल्यावर काका घरभर काकूंच्या मागे फिरू लागले. काकू वैतागल्या. मला म्हणाल्या, "बेबी, ह्यांना काही तरी लावून दे बाई. मी भाजी चिरते तर शेजारी येऊन उभे. एकदम परेशान करून ठेवलंय." माझं घर दोन गल्ल्या सोडून. त्या घरची औषधं, बिलं, मोबाइल हे खातं माझ्याकडेच होतं. मी त्यांच्या टॅबलेटवर एक हिंदीतला गेम टाकून दिला. त्यात आपण देव असतो. नदीकाठी एक गाव असतं, बोट फिरवलं की पाऊस पडतो, बोट टेकवलं की वीज पडते. अधूनमधून गावकरी हात वर करून गाऱ्हाणं घालतात आणि पडद्यावर एक चौकट उघडते. तिच्यात दोन उत्तरं. दोन्हींपैकी एकही धड चांगलं नाही. उपाशी माणसानं धान्य चोरलं, त्याला सोडायचं की ज्याचं धान्य गेलं त्याला न्याय द्यायचा? आपण निवडू तसं त्या गावावरचं आभाळ उजळतं किंवा काळवंडतं.

अर्ध्या तासात काकांचा फोन. "बेबी, हे माझ्या अधिकाराबाहेरचं आहे."

पण फाइल समोर आल्यावर ती तशीच ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी एक तोड काढली. आमचं मूळ कोकणातलं; देवाला कौल लावायची रीत घरात अजून आहे. देवाच्या उजव्या आणि डाव्या खांद्याला पाण्यानं एकेक फूल चिकटवायचं आणि प्रश्न विचारून हात जोडून बसायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. काका गेममधल्या गाऱ्हाण्याला कौल लावू लागले. तगरीची दोन फुलं, समोर पाटावर टॅबलेट, आणि काका देव्हाऱ्यातल्या गणपतीला अथपासून इतिपर्यंत चोरीचं प्रकरण समजावून सांगताहेत! देवानं देवाला विचारून देवपण करायचं, असला प्रकार मी जन्मात पाहिला नव्हता.

फूल लवकर पडत नसे. काकू मटार सोलत शेजारी बसलेल्या असायच्या. थोडा वेळ बघायच्या, मग "अहो, सोडून द्या ना बिचाऱ्याला, भूक लागली होती" म्हणत ओलं बोट पुढे करून चौकटीवर दाबून टाकायच्या. काका दचकत. मग चेहरा सैल पडे आणि म्हणत, "चला, आदेश झाला." आभाळ उजळायचं. त्या गावाचं आभाळ जे काही निळं राहिलं ते काकूंच्या बोटामुळे.

गावात शेळी घेऊन फिरणारी एक म्हातारी होती. कार्यकर्त्यासारखी प्रत्येक गाऱ्हाण्यात पुढे. काकांचा तिच्यावर जीव जडला. "आज शेळीवाल्या आजी दिसल्या नाहीत," असं मला फोन करून सांगत. आणखी एक गोष्ट त्यांना फार आवडायची. चौकट उघडी असेपर्यंत गावातलं सगळं जिथल्या तिथे थांबलेलं असे. "काय सोय केली आहे बघ," ते म्हणत. "आपलं ठरेपर्यंत कोणी मरत नाही."

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी काकू स्वयंपाकघरात पडल्या. आम्ही त्यांना फ्रीगंजकडच्या एका दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्त साकळलं होतं. काकू बोलत नव्हत्या, डोळे उघडत नव्हत्या. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. काकांना खुर्चीवर बसवून म्हणाले, "दादाजी, ऑपरेशन में खतरा है, टेबल पर भी जा सकती हैं। नहीं किया तो भी भरोसा नहीं। फैसला आपको करना है, पर जल्दी कीजिए।"

काकांनी दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या. दोन शंका विचारल्या, त्याही मुद्द्याच्या. मग उठून काकूंच्या कॉटपाशी गेले, त्यांच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "आदेशार्थ प्रस्तुत." किती तरी वेळ तसेच वाकून उभे होते. मला ते बघवेना. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

मग म्हणाले, "बेबी, तू हिच्यापाशी थांब. मी घरी कौल लावून येतो."

मी म्हटलं, "काका, ही वेळ आहे का?" ते म्हणाले, "मग कोणाला विचारू, सांग." 'करा ऑपरेशन' असं मीच का म्हटलं नाही, असं कोणी विचारेल. टेबलावर काही झालं असतं तर? तोंड उघडायचा मला धीर झाला नाही. ते रिक्षा करून जुन्या शहरातल्या घरी गेले.

श्रावणाची दमट हवा. फूल सुकेल कसं आणि पडेल कसं? मी संध्याकाळी फोन केला. "अजून नाही गं पडलं." डॉक्टर दोनदा विचारून गेले. सकाळी पुन्हा फोन केला. "उजवं जरा कललंय." त्यांचा आवाज उपाशी माणसाचा होता. मी ओरडले, विनवलं, काका नुसतं "हो, हो" म्हणत राहिले. देवापुढून उठलं तर कौल मोडतो, एवढंच त्यांना कळत होतं.

सोमवारी दुपारनंतर ते आले. पायी. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, मुठीत तगरीचं फूल. "उजवं पडलं! करा म्हणावं ऑपरेशन! साहेब दौऱ्यावर निघालेत, सगळे रस्ते बंद, म्हणून चालत आलो." डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दादाजी, अब उसका सवाल नहीं रहा।" रात्र व्हायच्या आत काकू गेल्या.

दिवस झाले, पाहुणे पांगले. टॅबलेटवर त्या रविवारची चौकट तशीच उघडी होती. नदीला पूर आला आहे. या काठची शेतं वाचवायची की त्या काठच्या झोपड्या? पाण्याची लाट हवेत थांबलेली, शेळीवाल्या आजी एक पाय उचलून उभ्या. काका टॅबलेट सतत चार्जिंगला लावून ठेवत आणि अधूनमधून जाऊन बघून येत. मी म्हटलं, "काकूंनी काय दाबलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. झोपड्या. दाबा की." ते म्हणाले, "माहीत आहे. पण तिचं बोट नाही ना." पुन्हा म्हणाले, "असू दे. सगळे बरे आहेत."

कार्तिकात एकदा दिवसभर वीज गेली. टॅबलेट जुना, बंद पडला. संध्याकाळी वीज आल्यावर मीच तो सुरू केला, काका शेजारी बसले होते. चौकट नव्हती. दोन्ही काठ पाण्याखाली होते, वर काळं आभाळ, आणि टेकडीवर एकटी शेळी. खाली लिहून आलं, 'आपने उत्तर नहीं दिया। नदी ने दे दिया।'

मी घाईघाईनं म्हटलं, "काका, गेम आहे तो. पुन्हा नव्यानं सुरू करता येतो."

"हो, गेमच आहे," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बेबी, त्या दिवशी ती गेल्यावर डॉक्टरांनी तुला बाहेर बोलावलं होतं. काय म्हणाले?"

डॉक्टर म्हणाले होते, "कल शाम तक हो जाता, तो शायद..." आणि पुढे काही न बोलता त्यांनी हात हलवला होता. त्या 'शायद'चं वजन किती, ते मला तेव्हा कळलं नाही, आज कळत नाही. खरं सांगावं तर हा माणूस त्याखाली चिरडून जाईल. काही फरक पडला नसता म्हणावं, तर कचेरीत जन्म घालवलेला माणूस, खोटी टिप्पणी वाचताक्षणी ओळखेल. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. त्या संध्याकाळी ती टाळ्याला चिकटली. काका माझ्या तोंडाकडे बघत होते, काकूंकडे बघत तशाच विश्वासानं.

मग त्यांनीच माझ्या हातावर थोपटलं. "घाई नाही," म्हणाले. "सावकाश सांग."

त्यानंतर मी रोज त्यांच्याकडे जात होते. गोळ्या देत होते, पोहे करून खायला घालत होते. त्यांनी पुन्हा एकदाही विचारलं नाही. मी आत शिरले की फक्त एकदा मान वर करून बघत, आणि मी औषधांचं बोलू लागले की मान पुन्हा खाली. संक्रांतीच्या आधी एका सकाळी ते झोपेतच गेले. मी अजून ठरवते आहे.