कात्री पाकिटाच्या आत होती

मंडळी, आत्ताच दवाखान्यातून परत आलोय.

आज दुपारी कोरगावच्या काजूच्या डोंगरावर माझा मित्र सुहास घसरला आणि त्याची पोटरी फाटली. रक्त थांबेना. माझ्या बॅगेत नवंकोरं इमर्जन्सी किट होतं, पण प्लास्टिकमध्ये सीलबंद! पट्टी आत, कात्रीही आत. दातांनी ओढलं, तरी फाटेना.

शेवटी काजू वेचणाऱ्या एका मावशीने कोयत्याने ते कापलं. पट्टीही तिनेच आवळली.

"घरात एकदा उघडून बघूक नाय रे बाबा?" ती ओरडली.

नव्हतं बघितलं. दसऱ्याला गाडीबरोबर किटचीही पूजा केली होती, बंद पाकिटावरच हळदकुंकू लावून.

सुहासला टाके पडलेत, पण तो बरा आहे. पाकीट माझ्यासमोर आहे. त्यावर कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं, ते आता कळत नाही.

तुमचं किट तुम्ही उघडलंय का?