सूर्यवंशी सरांचा रोजचा प्रश्न

शाळेच्या फाटकापासून गावातलं चहाचं हॉटेल फार तर दोनशे पावलांवर होतं. गाडीवरून तेवढं जायचं असलं तरी सूर्यवंशी सर आधी हेल्मेट घालायचे, हनुवटीखालचा पट्टा लावून ओढून बघायचे आणि मगच गाडी सुरू करायचे. हॉटेलातली माणसं म्हणायची, "आले बघा रॉकेटवाले." सर हेल्मेट काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवायचे आणि निवांत चहा प्यायचे.

निलंग्यापासून बारा किलोमीटरवरच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला लागलो, तेव्हा सर तिथे वीसेक वर्षं गणित शिकवत होते. मूळचे हदगावचे, नोकरीसाठी इकडे आलेले. आम्ही दोघंही निलंग्याहून गाडीवर ये-जा करायचो. हेल्मेट माझ्याकडेही होतं, पण ते स्टाफरूममधल्या कपाटावर धूळ खात पडलेलं. शाळा सुटली की सर रोज विचारायचे, "शिंदे सर, हेल्मेट कुठाय?" गरम होतं, असं मी म्हटलं की म्हणायचे, "ऊन लागतं म्हणून डोकं घरी ठेवून येता का?" बारा किलोमीटरच तर आहे म्हटलं तर म्हणायचे, "फळ्यावरचं चुकलं तर पुसता येतं. हे पुसता येत न्हाई, सर."

त्यांचा भाऊ अपघातात गेला, अशी स्टाफमध्ये कुजबूज होती. एकदा मी विचारलंच. ते चकित झाले. "माझं कुणी गेलं न्हाई. कुणीतरी गेल्यावरच घालायचं असतं का?"

त्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी मी एक छोटी नाटिका लिहिली. तिच्यातला एक मास्तर डोक्यावर बादली घालून जेवतो, बादली घालून झोपतो, बायकोलाही बादली देतो. तो मास्तर कोण, हे सगळ्या गावाला कळलं. लोक पोट धरून हसले. पहिल्या रांगेत बसलेले सरही हसले, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि नंतर माझी पाठ थोपटली. मला वाटलं, जिंकलो.

त्यानंतर चारच दिवसांनी, संध्याकाळी पाच वाजता मी गाडी काढली. सर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. नाटिकेमुळे मनात कुठेतरी ओशाळलो होतो, म्हणून असेल, वाद न घालता मी आत गेलो, हेल्मेटवरची धूळ पुसली आणि घातलं. "पट्टा," सर म्हणाले. तोही लावला.

उसाचे दिवस होते. पुढच्या वळणावर ट्रॅक्टरमधून सांडलेला ऊस रस्त्यावर चेपून पडला होता. त्यावरून चाक घसरलं, एवढंच आठवतं. शुद्धीवर आलो तेव्हा मी रस्त्याच्या कडेला होतो आणि सर माझं नाव घेत होते. ते मागूनच येत होते. त्यांनीच एक जीप थांबवली, मला लातूरला नेलं. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. डोक्याला काही झालं नव्हतं. हेल्मेट मात्र कानापासून मागेपर्यंत तडकलं होतं. डॉक्टरांनी ते हातात फिरवून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि परत दिलं. सर दवाखान्यात रोज यायचे. शाळेचं बोलायचे, पोरांचं बोलायचे. मी सांगत होतो ना, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

मी घरी आल्यावर आईने ते हेल्मेट देवघरापाशी ठेवून त्याला हळदकुंकू लावलं. सर भेटायला आले, त्यांनी ते पाहिलं आणि आधी हात जोडले. मग आईकडे कात्री मागितली आणि हेल्मेटचे दोन्ही पट्टे कापून टाकले. आईला ते आवडलं नाही. सरांनी तिला समजावलं, "मावशी, त्यानं त्याचं काम केलं. आता उगं कुणी चांगलं दिसतंय म्हणून घातलं, तर ते वाचवणार न्हाई." मग तिने ते कापलेलं हेल्मेट पुन्हा जागेवर ठेवलं.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. हदगावला परत जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. सामान बांधून झालं होतं. इतकी वर्षं गिळलेली गोष्ट मी बोललो. नाटिकेबद्दल माफी मागितली.

सरांनी सामानाच्या दोरीची गाठ ओढून बघितली. "लई लागलं होतं, सर," ते म्हणाले. "घरी येऊन हिला सांगितलं, आता कुणालाच विचारणार न्हाई. चार दिवस विचारलं बी न्हाई. तुमच्या ध्यानात आलं नसंल."

माझ्या खरंच लक्षात आलं नव्हतं. मग त्या दिवशी का विचारलंत, असं मी विचारलं.

"ठरवून न्हाई विचारलं. तुम्ही गाडी काढली अन् तोंडातून निघून गेलं. सवय."

मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. ते संकोचून मागे सरकले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून चहा टाकायला सांगू लागले.

आता त्या शाळेत विज्ञान शिकवायला एक नवीन सर आले आहेत. तेही निलंग्याहूनच येतात. सूर्यवंशी सर गेल्यानंतरच्या सोमवारी शाळा सुटल्यावर मी त्यांना विचारलं, हेल्मेट कुठाय. ते हसले आणि तसेच निघून गेले. मंगळवारी मी पुन्हा विचारलं.