सहा आठवडे थांबायचा नियम

"फूट ड्रॉप," डॉक्टर म्हणाले. म्हणजे पाऊल घोट्यातून वर उचलता न येणं. एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्यातली गादी सरकून नस दाबलेली दिसत होती. "मुंग्या आल्या तेव्हाच यायचं. थांबायला कुणी सांगितलं?"

कुणी नाही. माझं मीच ठरवलं होतं.

मी पुण्याजवळच्या नेरे गावची सून, शेजारच्या हिंजवडीच्या आयटी पार्कात कामाला. अमेरिकेत एमआरआय करायचा तर आधी विमा कंपनीची परवानगी लागते. ते अर्ज आम्ही इथे तपासतो. कंबरदुखीला नियम ठरलेला: आधी सहा आठवडे गोळ्या आणि व्यायाम, मगच एमआरआय. यावरून तिकडे टीव्हीवर कडाक्याची भांडणं होतात. आम्ही ती कँटीनमध्ये चहा पीत बघायचो आणि जागेवर येऊन अर्ज नाकारायचो.

माझी कंबर धरली तेव्हा मी शहाणीने कॅलेंडरवर सहा आठवडे मोजले. चौथ्या आठवड्यात उजव्या पायातली चप्पल निसटायची आणि मला पत्ताही नसायचा. तरी व्यायाम चालूच. एकदा अंगणात पाय फरफटताना सासूबाईंनी पाहिलं.

"दवाखान्यात कवा जायाचं?"

"अजून दोन आठवडे आहेत, आई."

"आगं, बैल लंगडला तरी आमी दुसऱ्या दिशी डाक्टर बोलावतो. तू काय बैलाहून हलकी हायेस व्हय?"

त्यांनी लगेच रिक्षा मागवली. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

दुसऱ्या सकाळी डिस्केक्टॉमी झाली, म्हणजे नस दाबणारा गादीचा तुकडा काढला. दुखणं थांबलं, पाऊल मात्र तसंच लोंबत राहिलं. डॉक्टर म्हणाले, "नस सावकाश जागी होते. किती जागी होईल, ते सांगता येत नाही." मी फार घाबरले होते. तिसऱ्या महिन्यात अंगठा हलला आणि मी रडले. अजून पायात पट्टा घालते, जिन्यात कठडा धरते.

त्याच नियमाच्या खाली एक ओळ असते: बधिरपणा आला, ताकद कमी झाली, तर थांबू नये. रोज नजरेखालून जायची. तुमच्यावर ही वेळ आली तर आठवडे मोजत बसू नका, एवढंच सांगते.

कामावर परतले आणि अर्ज नाकारल्याविरुद्ध एका अमेरिकन बाईचं अपील आलं. तिसऱ्या पानावर तिच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, चालताना डावा पाय अडखळतो. मी ते तातडीचं म्हणून पुढे पाठवलं. पाठवताना तिच्या अर्जावरचा जुना नकार उघडून पाहिला. तो माझ्या आजारपणाच्या आधीचा होता आणि त्यावर तपासणारीचं नाव माझंच होतं.

ती आता कशी चालते, हे मला कळायचा काही मार्ग नाही.