मागाचा खड्डा

आमच्या भंडाऱ्याकडे घर बांधणारे लोक नकाशा बघत नाहीत, फोटो बघतात. नकाशा कचेरीसाठी. काम चालतं ते घर पुढे कसं दिसेल ते दाखवणाऱ्या, माझ्या कम्प्युटरातून निघालेल्या रंगीत फोटोवर. पंधरा वर्षं हाच धंदा करते आहे, मला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून पुढचं सगळं माझ्याच माथी.

वैनगंगेच्या पुलापलीकडच्या एका विणकर बाप-लेकाचं घर होतं. नव्या भिंती उभ्या झाल्या होत्या, पुढच्या खोलीची फरशी तेवढी राहिली होती. लेकाला ती चकचकीत हवी होती. काकांची, म्हणजे त्याच्या वडिलांची, एकच अट होती. खिडकीखाली मागाचा खड्डा पाहिजे. कोशाचं रेशमी कापड विणताना ते जमिनीवर बसतात आणि पाय खड्ड्यात सोडून खालच्या पट्ट्या दाबतात. मी स्वतः टेप धरून त्यांच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेतलं.

"बराबर लिहा बाई," काका म्हणाले. "पाय नाही टेकले तं माग चालत नाही."

डिझाइनच्या सॉफ्टवेअरात मी ती खोली उभी केली, खड्ड्यासकट. मग ते मॉडेल फोटो बनवणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरात नेलं आणि खड्डा गायब. या दीडशहाण्याला जमिनीतलं भोक म्हणजे माझी चूक वाटली. त्यानं ते आपणहून बुजवलं आणि वरून फरशी अंथरली. पुन्हा नेलं, तर अख्खी खोली आडवी पडली. तिसऱ्यांदा भिंती आतून दिसेनात. चौथ्यांदा खड्डा आला, पण दारं-खिडक्या गेल्या. चार दिवस हेच. घरात मी कुणाशी धड बोलत नव्हते, भाजीत मीठ कमी पडलं तरी त्या सॉफ्टवेअरचा उद्धार करत होते.

वर लेकाचा रोज फोन. "मॅडम, फोटो कवा देता? मिस्तरी रिकामा बसून राहिला ना."

पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. बिनखड्ड्याचाच फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'खड्डा नकाशात बघा.' खालचं कुणी वाचत नाही, हे माहीत असूनही पाठवला. मला फक्त ती फाईल डोळ्यांसमोरून घालवायची होती.

आठ दिवसांनी गेले तर फरशी लागलेली, थेट फोटोतल्यासारखी. माग सुटा करून भिंतीला टेकवून ठेवला होता.

"फोटोत गड्डा नव्हता मॅडम," मिस्तरी म्हणाला.

"आता फोडाची नाही," लेक म्हणाला. "इतकी मस्त दिसून राहिली."

मला संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. मी लॅपटॉप उघडून मूळ मॉडेल काकांपुढे धरलं. "हे बघा काका, मी काढला होता. माझ्याकडे अजून आहे."

काकांनी चष्मा पुसून नीट बघितलं. "हो, बराबर आहे," ते म्हणाले. मग खिडकीखाली जाऊन त्या नव्या फरशीवर बसले. पाय लांब केले, जवळ घेतले, शेवटी मांडी घातली.

"मंग आता पाय कुठं सोडू, बाई?"