खांद्यामागचा नारिंगी डाग

माझ्या मामीची लाँड्री गावाच्या टोकाला आहे. जंगलातली लांब पायवाट तिथे डोंगर उतरते, नगरपालिकेच्या बागेतून जाते आणि पुन्हा झाडीत शिरते. ही वाट हौसेने चालणाऱ्यांसाठी मुद्दाम आखलेली आहे. कितीतरी जंगलं आणि उद्यानं ती ओलांडते; सगळी चालायची तर महिना लागतो म्हणतात. पाठीवर भल्यामोठ्या सॅक घेतलेले लोक आमच्या गावात मुक्काम करतात आणि चिखलाने बरबटलेले कपडे मामीच्या काउंटरवर ओततात.

मामी लग्न होऊन आली तेव्हापासून हे कपडे धुते आहे, पण बागेच्या मागच्या फाटकापलीकडे तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. दुकान, घर आणि मामाचा दमा यातून डोकं वर काढायला फुरसत नसायची. चौकशीची हौस मात्र दांडगी. वर काय काय आहे, असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची. छान आहे, एवढंच उत्तर मिळायचं. महिनाभर पाय मोडून घेतात आणि सांगायला एक शब्द, असं ती आईपाशी कुरकुरायची. आई म्हणजे तिची नणंद. बाबा गेल्यावर आम्ही दोघी मामाकडे राहायला आलो आणि आई दुकानात इस्त्रीला उभी राहिली.

मी कॉलेजात होते तेव्हा त्या डागाने मामीची झोप उडवली. डोंगरावरून उतरणाऱ्यांच्या शर्टावर, खांद्याच्या मागच्या बाजूला, नारिंगी ओरखडा असायचा. साबणाने जाईना, सोड्याने जाईना. ब्लीचने तर तो आणखी पक्का झाला. कुठे लागला म्हणून विचारलं की लोक मान वळवून वळवून स्वतःच्या पाठीकडे बघायचे आणि खांदे उडवायचे. एकाने तर तुमच्याच मशीनमध्ये लागला असेल, असं ऐकवलं. ते मामीच्या जिव्हारी लागलं. सुट्टीच्या दिवशी तिने डबा भरला आणि आईला चपलांऐवजी माझे कॅनव्हासचे बूट घालायला लावले.

"डाग काढायचा सोडून डाग शोधायला निघालीस?" मामाने पेपरातून डोकं वर काढून विचारलं.

"आल्यावर काढते," मामी म्हणाली.

पुढचं मला आईने सांगितलं. फाटक ओलांडल्यावर मामीची चाल मुंगीची झाली. झाडांच्या बुंध्यांवर वाट दाखवणारे निळे पट्टे होते, ते ती बोटाने चाचपायची. चिकट काळी माती लागली तेव्हा वाकून चिमूट उचलली आणि जुनी ओळखीची बाई भेटावी तशी हसली. हीच ती, पँटच्या शिवणीत बसणारी. एका ओढ्याकाठी पांढरट गाळ होता, त्याच्यापाशीही थांबणं झालं. आईचे पाय बोलायला लागले होते, पण वहिनीचा चेहरा बघून तिला आवरतं घ्या म्हणवेना.

दुपारी वाट दोन प्रचंड खडकांमधून गेली. फट इतकी अरुंद की सॅक उतरवून पुढे धरायची, पाठ खडकाला लावायची आणि आडवं सरकत जायचं. आई आधी पार झाली. मामी मध्येच थांबली. खडकाच्या भेगेतून पाणी झिरपत होतं आणि ते वाहिलं होतं तिथे नारिंगी, बुळबुळीत थर साचला होता. तिने बोट लावलं, वास घेतला.

"ताई, हा गंज आहे," ती आतूनच म्हणाली. "दगडातसुद्धा लोखंड असतं. मी आपली जंगलात लोखंड कुठलं म्हणून लिंबू लावलंच नाही."

काम झालं होतं. आई परत फिरायला वळली. मामी मात्र फटीच्या पलीकडच्या तोंडाशी उभी राहून पुढे बघत होती. वाट उंच गवतातून जाऊन एका वळणावर दिसेनाशी होत होती. त्या वळणापर्यंत जाऊ, म्हणाली. वळणानंतर लाकडी पूल निघाला, पुलानंतर तळं. उन्हं कलली तेव्हा दोघी वनखात्याच्या विश्रांतीघरापाशी पोचल्या होत्या. तिथल्या रखवालदारीणबाईंनी घोंगड्या दिल्या आणि घरी फोन करू दिला. मामाने आधी तोंडसुख घेतलं, मग हळूच विचारलं की वर काय आहे.

"छान आहे," मामी म्हणाली आणि आई हसून हसून भिंतीला टेकली.

त्यानंतर दर महिन्याला दोघी निघायच्या. बसने जायचं, मागे सोडलेल्या जागेवरून चालायचं, बसने परत. मामा दुकान सांभाळायला शिकला. पहिल्याच खेपेला त्याने कुणाचेतरी पांढरे सदरे गुलाबी करून ठेवले. वाट संपायला चार वर्षं गेली.

शेवटच्या दिवशी मीही बरोबर होते. शेवट म्हणजे एक पाटी, पाण्याचा नळ आणि गाड्या लावायची जागा. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, एवढ्यासाठी इतकं चाललो म्हणून. मामी नळावर तोंड धूत होती. नळाच्या मागून एक कच्चा रस्ता वर टेकडीकडे जात होता, त्यावर कसलेही पट्टे नव्हते. पदराने तोंड पुसत ती तिथे गाडी पुसणाऱ्या ड्रायव्हरकडे गेली.

"अहो दादा, हा कुठे जातो?"

त्याला माहीत नव्हतं. आईने बसची वेळ बघितली, सुस्कारा सोडला आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली.