चाकाला दगड

आधी चहा संपवा, मग सांगतो. नाहीतर हसताना ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्याच माथी फुटेल. तिथे आता जागा नाही.

माझे धाकटे साडू शरदराव मस्कतहून परतले, ते जपानी गाडी घेऊन. ऑटोमॅटिक! क्लच नाही, गिअर आपोआप बदलतात. आपल्या उकाड्यात गिअरबॉक्स तापू नये म्हणून त्यांनी मुंबईला नेऊन त्याच्या तेलाला वेगळा कूलर बसवून घेतला. स्वतःच्या घरात मात्र पंखा जुनाच.

त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला. पनवेलला दारात मांडव पडला, म्हणून आदल्या दिवशी गाडी आमच्या कळंबोलीच्या सोसायटीत ठेवली. मला मैदानात दोन चकरा मारायला लावल्या आणि किल्ली दिली.

"दादा, उद्या नऊला व्याह्यांना स्टेशनवरून घेऊन या. फक्त गिअरबॉक्सला जपा. पोरीएवढाच जीव आहे माझा त्याच्यात."

"शरदराव, वीस वर्षं गाडी चालवतोय मी."

संध्याकाळी पाण्याचा टँकर आला, म्हणून गाडी जरा बाजूला घेतली. आता आम्ही पडलो साताऱ्याकडचे, घाटातले. गाडी लावली की ती गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा, हे आमचं बाळकडू. मी गिअरचा दांडा चालवताना असतो तसाच D वर ठेवून इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि मागच्या चाकाला चांगला पाच किलोचा दगड लावला.

"अहो, शरदरावांनी पार्किंगच्या P वर ठेवायला सांगितलं होतं ना?" बायको खिडकीतून म्हणाली.

"तू पुरणाचं बघ," मी म्हटलं.

सकाळी आठला किल्ली फिरवली. दिवे लागतायत, हॉर्न वाजतोय, इंजिन मात्र मौनात. दांड्याला हात लावायची माझी छाती होईना. जपायला सांगितलेलं ना!

जवळच्या नावडे गावचा मेकॅनिक बोलावला. त्याने बॉनेट उघडलं, पायाखालची पेडलं मोजली आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"दादा, हिचा क्लच कुनी काढला?"

"मी नाही हो."

"मंग गेला कुठं?"

"तो नसतोच हिला."

"मंग ही चालते कशी?"

हे मला तरी कुठे माहीत होतं?

"धक्का मारू," तो म्हणाला. सोसायटीतले सहा जण लागले. गेटपर्यंत ढकलली, परत ढकलत आणली. गाडी छान फिरून आली, सुरू काही झाली नाही. एव्हाना नऊ वाजून गेले.

"गिअरबॉक्स गेला, दादा."

पोरीच्या साखरपुड्याला बापाचा जीव मी घेतला होता.

निदान गाडी दारात पोचवू, म्हणून भाजीच्या टेम्पोला दोर बांधला. मी स्टिअरिंगवर, शेजारी बायको पुरणपोळ्यांचा डबा घेऊन, आणि मागच्या सीटवर दगड. शरदरावांच्या दारात उतार आहे.

व्याही रिक्षाने येऊन मांडवात बसले होते. आमची वरात बघायला सगळे उठून उभे राहिले. शरदराव धावत आले.

"ओढत आणली? दादा, ऑटोमॅटिक गाडी अशी ओढली की गिअरबॉक्स जळतो!" ते आत डोकावले. "आणि दांडा D वर का?"

"गिअरमध्ये लावली होती. घरंगळू नये म्हणून."

ते आत बसले. दांडा P वर सरकवला, किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू.

"D वर ही सुरूच होत नाही," ते हळूच म्हणाले. मग कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आले, तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. गिअरबॉक्स वाचला होता. माझं कोणी विचारलंच नाही.

"हे कोण?" व्याह्यांनी विचारलं.

"आमचे मोठे साडू. वीस वर्षं गाडी चालवतायत."

त्या पोरीची मुलं आता कॉलेजात आहेत. तरी माझ्या सासरी काहीही कार्य असो, किल्ली माझ्या हातात कोणी देत नाही. दारात कोणाची गाडी येऊन थांबली की मेहुणी अदबीने येते आणि म्हणते, "दाजी, तेवढा दगड लावता का?"

मी लावतो. गाडी कधी घरंगळलेली नाही.